मेबॅकचा केशरी आणि लॅम्बोर्गिनीचा सोनेरी

साडीच्या रंगावर आपल्याकडे तासभर बोलणारी माणसं आहेत. शेजाऱ्यानं बंगल्याला पोपटी रंग दिला तर अख्खी गल्ली महिनाभर नाक मुरडते. गाडीच्या रंगावर मात्र कुणी गंभीरपणे लिहीत नाही. गाडी म्हटली की किंमत, ॲव्हरेज, हप्ता आणि मालक. २००२ साली सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल. तिच्यावर आयात शुल्क माफ करावं की नाही यावर देशभर वाद झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शेवटी शुल्क फियाटनं भरलं. त्या सगळ्या गदारोळात ती गाडी लाल आहे, आणि लालच का आहे, हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा लहान होतो, पण नंतर जुनं सगळं शोधून वाचलं आहे. नाहीच पडला.

मला तो पडतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, गाव कबनूर, इचलकरंजीला चिकटलेलं. आमच्या घरात यंत्रमाग होते आणि मागावरून उतरायचं ते कापड कोरं, ज्याला आमच्याकडे सगळे ‘ग्रे’ म्हणतात. रंग ही दुसऱ्याची जबाबदारी. कापड प्रोसेसला जाणार, तिथं शेड कार्ड बघून कुणी तरी ठरवणार. कदाचित म्हणूनच, तयार वस्तूवर रंग कुणी आणि का चढवला याची मला जरा जास्त चौकशी असते. त्यातही वस्तू मुळात देखणी आणि महाग असेल, आणि तिच्यावर चढवलेला रंग बघून पोटात कालवत असेल, तर ते नेमकं कशामुळं, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

कोल्हापूर भागातल्या माणसाला या विषयाचं शिक्षण दरवर्षी फुकट मिळतं. विजयादशमीला दसरा चौकात शाही सोहळा असतो, आणि छत्रपती घराण्याची मेबॅक तिथं येते. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी, रंग केशरी. मेबॅक ही झेपेलिन विमानांची इंजिनं बनवणारी जर्मन कंपनी. मोटारीच्या धंद्यात ती इंजिन आणि चासी तयार करायची, वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या हुकमाप्रमाणं दुसऱ्या कारखान्यात बांधली जायची. तिचं एसडब्ल्यू ३८ हे मॉडेल १९३६ ते १९३९ या काळातलं, ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. त्या काळच्या अशा जर्मन गाड्या डोळ्यांसमोर आणल्या तर काळा, गडद निळा, फार तर दुरंगी क्रीम-चॉकलेटी दिसतो. जुन्या गाड्यांच्या शुद्धतावादी मंडळींसमोर केशरी मेबॅक उभी केली आणि तिचं गाव सांगितलं नाही, तर निम्मे जण तरी म्हणतील की चांगल्या गाडीचं कुणी तरी वाटोळं केलंय.

आणि तरी ती गाडी गर्दीतून येते तेव्हा रंग चुकला असं वाटत नाही. भक्तिभाव जरा बाजूला ठेवून बघायचा प्रयत्न मी केला आहे. पहिली गोष्ट, गाडी एकाच रंगात आहे, त्यामुळं तिचे मोठे फुगीर मडगार्ड, लांब बॉनेट, पायरी, सगळं एका दमात वाचता येतं. दुसरी, हा रंग गाडीवर येण्याआधी ध्वजावर होता. चौकातल्या माणसाला तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. तिसरी गोष्ट जरा अडचणीची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

त्याआधी एक हंस. १९१० साली कलकत्त्यात रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या श्रीमंत इंग्रजानं ब्रुक कंपनीची गाडी हंसाच्या आकारात बांधून घेतली. पुढं हंसाची मान आणि डोकं, आणि चोचीतून गरम पाण्याचा फवारा. रस्त्यावर असा गोंधळ झाला की पोलिसांनी तिला बंदी केली. नंतर ती नाभाच्या महाराजांकडे गेली, आज नेदरलँड्समधल्या लाउमन संग्रहालयात आहे. लोक तिकीट काढून बघतात. सांगायचं एवढंच, की महागड्या गाडीवर विचित्र काही करणं हे कालच्या पोरांनी सुरू केलेलं नाही. शंभर वर्षं झाली की विचित्रपणाला वारसा म्हणायची सोय होते.

आता ज्या गाडीमुळं हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे. आमच्या भागातल्या एका फौंड्रीवाल्याच्या मुलानं सेकंडहँड लॅम्बोर्गिनी उराकान घेतली. मूळ रंग ग्रे. महिन्याभरात तिच्यावर सोनेरी क्रोम रॅप चढला, आरशासारखा. बॉनेटवर गर्जना करणारा सिंह, छापील. सिंहाची आयाळ दोन्ही बाजूंनी दिव्यांपर्यंत आलेली, दारांवर नखांचे ओरखडे, मागच्या पंखावर ज्वाळा. पुण्यातल्या माझ्या टीममध्ये तिचा फोटो फिरला तेव्हा पोरं हसून लोळली. एक जण म्हणाला, “हे फक्त कोल्हापुरातच होऊ शकतं.” तो दुबईच्या फोटोंना लाइक देणारा माणूस आहे, ते सोडा.

मी हसलो नाही, कारण मी ती गाडी प्रत्यक्ष बघितली होती, आणि प्रत्यक्षात ती हसण्यासारखी नव्हती. ती दिसतच नव्हती. उराकानची सगळी गंमत एका रेषेत आहे. नाकापासून निघून काचेवरून, छपरावरून शेपटीपर्यंत जाणारी एकच रेघ, आणि तिच्या खाली बाजूला धारदार घड्या. मोटारीचा आकार म्हणजे नुसता पत्रा वाकवणं नाही. त्या पत्र्यावरून उजेड कसा घसरेल, हे आधी ठरवलेलं असतं. डिझायनर संगणकावर पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे पाडून बघतात, पट्टा मध्येच तुटला किंवा दचकला तर तिथं आकार चुकलाय असं समजतात. मातीचं मॉडेल केलं तर त्याच्यावर चंदेरी फिल्म चढवून उजेडात फिरवतात. हो, म्हणजे रॅपिंग हा प्रकार मुळात त्यांचाच, फक्त ते आकार दिसावा म्हणून करतात.

क्रोमचं काय होतं? आरसा स्वतःचा आकार दाखवत नाही, समोर जे आहे ते दाखवतो. फौंड्रीच्या आवारात उभी असलेली ती गाडी मला पत्र्याची शेड, एक टेंपो, नारळाचं झाड आणि मी स्वतः, अशी दिसली. घडी कुठं संपते आणि टेंपोचं प्रतिबिंब कुठं सुरू होतं ते कळायला मार्ग नाही. त्यावर सिंह. सिंह वाईट काढलेला नव्हता, पण तो सपाट कागदासाठी काढलेला होता. बॉनेटची फट त्याच्या जबड्यातून जात होती. एक डोळा सपाट भागावर, दुसरा उतारावर, त्यामुळं सिंह तिरळा. आणि गाडीच्या खऱ्या डोळ्यांना, म्हणजे दिव्यांना, आयाळीनं गिळलेलं. एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा काढला की दोन्ही जातात, हे गणपतीच्या दिवसांत मूर्तीची आखणी करणारं दहावीतलं पोरगंही सांगेल.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे स्पोर्ट्स कारवर चित्र काढूच नये का? काढावं की. १९७५ साली अलेक्झांडर काल्डरनं ल माँच्या शर्यतीसाठी बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल रंगवली, तिथूनच बीएमडब्ल्यूच्या आर्ट कारची परंपरा सुरू झाली. लाल, पिवळा, निळा, मोठमोठे पट्टे. काल्डर हवेत तरंगणारी शिल्पं करणारा माणूस, त्यानं पट्टे वळवले ते मडगार्डच्या फुगवट्याबरोबर. १९७९ साली अँडी वॉरहॉलनं एम १ स्वतःच्या हातानं, अर्ध्या तासाच्या आत रंगवली. ओल्या रंगात बोटं फिरवली, कारण वेगात गाडीचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात, तसं त्याला हवं होतं. ती गाडी त्या वर्षी ल माँला धावली आणि सहावी आली. मला वॉरहॉलची गाडी काल्डरइतकी आवडत नाही, थोडी रंगपंचमी वाटते. पण दोघांनीही गाडीकडे बघून रंग दिला, हे नक्की.

जॉन लेननची रोल्स-रॉइस फँटम फाइव्ह हे उदाहरण मला या सगळ्यांहून जास्त शिकवतं. १९६५ साली काळ्या रंगात घेतलेली गाडी १९६७ मध्ये पिवळी झाली, वर वेलबुट्ट्या, फुलं, जिप्सींच्या गाड्यांवर असते तशी नक्षी. इंग्लंडमध्ये तेव्हा ही विटंबना वाटली, आणि १९८५ च्या लिलावात तिला २२ लाख डॉलरहून जास्त आले. फँटमची बाजू म्हणजे जवळपास भिंत. उभी दारं, सपाट पत्रा, ती चित्राला जागा देते. आपल्या ट्रकचं तेच. ट्रकच्या फाळक्यावर मोर, कमळ, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, सगळं शोभतं, कारण फाळका सपाट आणि मुका असतो, त्याला बोलतं करावं लागतं. उराकानचा पत्रा आधीच बोलत असतो. तिच्यावर ओरडायला लागलं की दोघांचंही ऐकू येत नाही.

अर्थात नियम केला की अपवाद दारात उभा. १९७१ ची पोर्शे ९१७/२०. रुंद, गोल, बेढब गाडी. पोर्शेच्या डिझाइन विभागाचा प्रमुख अनातोल लापीन यानं ती गुलाबी रंगवली आणि खाटकाच्या तक्त्यावर असतात तशा तुटक रेघा मारून डुकराच्या मांसाच्या तुकड्यांची नावं लिहिली. ल माँला ती अपघातात बाद झाली. लोक हसले. पण तिचं नाव ‘गुलाबी डुक्कर’ म्हणून टिकलं, आणि २०१८ साली पोर्शेनं त्याच रंगातली ९११ उतरवून आपला वर्ग जिंकला. हा विनोद का जमला? गाडी खरोखर डुकरासारखी दिसत होती म्हणून. रंगानं तिचा आकार लपवला नाही, चव्हाट्यावर आणला. सिंहवाल्या गाडीत विनोद नाही, आणि खरं तर सिंहही नाही. लॅम्बोर्गिनीच्या चिन्हात बैल आहे. उराकान हे नावच झुंजीच्या बैलाचं.

बैल! हे त्या मालकाला कुणीच कसं सांगितलं नाही? ज्या मुलखात बेंदराला बैलाची शिंगं साळून हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात, अंगावर झूल टाकतात, इचलकरंजीत कर तोडायला बैल पळतात आणि गाव लोटतं, तिथं बैलाच्या नावाची गाडी येते आणि तिच्यावर आफ्रिकेतला सिंह बसतो. शिवाय फेरुचो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याच्या घरातला, आधी ट्रॅक्टर बनवणारा माणूस. आमच्याकडच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांचा तो खरं तर भावबंद. आमच्याकडे बैल सजवायची रीत बघा, रंग असतो तो शिंगांना, खुरांना, क्वचित पाठीवर ठिपके. बैलाची कातडी झाकत नाहीत. खिल्लाराचा पांढरा रंग हीच त्याची ऐट असते, ती दिसायलाच पाहिजे. उराकानच्या ग्रे रंगावर आरशांच्या टोप्या आणि चाकांच्या मधल्या गोलाला हिंगूळ लावला असता, तर मी पहिला टाळी वाजवली असती.

आमच्याकडे ऊस ट्रॉल्या रंगवणारे एक पेंटर आहेत, आम्ही मामा म्हणतो. त्यांना मी फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

“ह्यो कुणी रंगवला?”

“रंगवला नाही मामा, चिकटवलाय. प्लॅस्टिकची फिल्म असते. दोन-तीन दिवसांचं काम.”

“मग त्येला काय इचारायचं,” असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.

मामांचं म्हणणं मला त्या वेळी पटलं, नंतर थोडं कमी पटलं. कोल्हापुरी भाषेत ‘नाद’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते तो आमचा सौंदर्यशास्त्रातला एकमेव पारिभाषिक शब्द आहे. नाद म्हणजे छंद नाही. नादात माणूस वेळ घालवतो, पैसा घालवतो, घरच्यांच्या शिव्या खातो. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात. तिथली एखादी रिक्षा जवळून बघा. हुडची शिलाई, आतला पडदा, पितळी पट्ट्या, मडगार्डवरची रेघ, एकेक गोष्ट मालकानं वर्षभर जमवलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तीच रिक्षा स्टँडवर भाडं मारते. याच शहरात मेस्त्री आडनावाचा माणूस कामामुळं बाबूराव पेंटर झाला, आणि नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमा करायला लागला. जी. कांबळ्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली त्याच हातानं शिवाजी महाराजांचं चित्र केलं. रंगाच्या कामाला इथं हलकं समजत नाहीत. त्यामुळं विनाइलच्या गुंडाळीतून आलेला सिंह मामांना दखल घेण्यासारखाही वाटला नाही, हे समजू शकतं.

पण श्रम हा निकष घेतला की पंचाईत होते. वॉरहॉलचं काम अर्ध्या तासाचं. उलट सहा महिने घाम गाळून केलेलं भयाण एअरब्रशचं काम मी पुण्यात पाहिलं आहे, एका जपानी स्पोर्ट्स कारवर अख्खा समुद्र, लाटा, डॉल्फिन, वर चंद्र. कष्टाला नमस्कार, पण गाडी बिघडली ती बिघडलीच. रॅपलाही उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. चांगली फिल्म जेमतेम कारखान्याच्या रंगाच्या थरांएवढी जाड असते, खालच्या रंगाला ओरखड्यांपासून वाचवते, आणि हवी तेव्हा उतरते. तिचा दोष वेगळा आहे. उतरवता येतं म्हटल्यावर माणूस ठरवायचं टाळतो. पत्र्याला खरोखर रंग मारायचा तर जुना रंग घासावा लागतो, मागं फिरता येत नाही, त्यामुळं चार जणांना विचारलं जातं. रॅपवाल्याच्या दुकानात पडद्यावर बोट फिरवून सिंह निवडला जातो. रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, एवढीच काय ती सरकारची रंगाबद्दलची आस्था. आणि हो, लष्कराच्या गाड्या सोडून कुणाला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. सोनेरीवर कायद्याचं काही म्हणणं नाही.

आता ती अडचणीची तिसरी गोष्ट. राजाराम महाराजांनी केशरी मेबॅक मागवली तर आपण म्हणतो राजेशाही थाट. फौंड्रीवाल्याच्या पोरानं सोनेरी लॅम्बोर्गिनी केली तर म्हणतो गावंढळ. यात रंगाची समीक्षा किती आणि जातकुळीची किती? माझ्या टीममधल्या पोरांच्या हसण्यात दुसरीच जास्त होती, हे मला तिथंच जाणवलं. त्यांना मॅट काळी, मॅट राखाडी गाडी दर्जेदार वाटते. का, तर परदेशातल्या श्रीमंतांना वाटते म्हणून. मॅट रंग उजेड पसरवून टाकतो, घड्यांची धार मारतो, म्हणजे आकाराचं नुकसान क्रोमइतकं नाही तरी करतोच. पण त्यावर कुणी लोळून हसत नाही. फौंड्रीत लोखंड वितळवून पैसा मिळवलेल्या घरात चकाकीचं आकर्षण असणं मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. त्या पोराच्या आज्यानं दुसऱ्याच्या भट्टीवर काम केलेलं आहे. आपली गाडी लांबून, गर्दीतून, रात्रीही दिसावी, असं त्याला वाटलं तर ती इच्छा दसरा चौकातल्या गाडीमागच्या इच्छेपेक्षा फार वेगळी नाही.

फरक मला दिसतो तो असा, की मेबॅकचा केशरी त्या गाडीच्या मालकाचा एकट्याचा नव्हता. फेरारीचा लालही फेरारीचा नाही. शर्यतींत देशांचे रंग ठरलेले होते, इटलीला लाल, ब्रिटनला हिरवा, फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा आणि पुढं चंदेरी. फेरारीच्या बिल्ल्यातला पिवळा तर मोडेना गावाचा. १९६४ साली एन्झो फेरारीचं इटलीच्या मोटार संघटनेशी भांडण झालं तेव्हा त्यानं रागानं हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींत गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या, आणि जॉन सर्टीज मेक्सिकोत त्याच रंगात जगज्जेता झाला. रंग सोडून देणं ही शिक्षा ठरू शकली, कारण तो रंग देशाचा होता. सोनेरी रॅपचं दुर्दैव असं की तो कुणाचाच नाही. तो दुबईत आहे, मॉस्कोत आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. स्वतःची ओळख दाखवायला निघालेला मुलगा जगात सगळीकडे सारखी मिळणारी वस्तू चिकटवून आला. आणि ज्या गावात दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून हातात देतात आणि घेणारा ते सोनं म्हणूनच घेतो, तिथं सोन्यासारखं दिसण्यासाठी एवढा खर्च करायचा, याची मला गंमत वाटते.

हे सगळं मी त्या मुलाला तोंडावर सांगितलं नाही असं नाही. तो मला शाळेत दोन वर्षं मागं होता, ‘दादा’ म्हणतो, ऐकून घेतो. सिंह तिरळा आहे हे त्याला गाडी आणल्यावर आठवड्यातच कळलं होतं, म्हणाला, पण पैसे देऊन झाले होते. सहा महिन्यांनी बॉनेटवरचा रॅप कडेला उचलायला लागला, आमच्याकडचं ऊन. दिवाळीनंतर सगळंच काढणार आहे. खालचा कंपनीचा ग्रे जसाच्या तसा असेल. मी म्हटलं, तसाच ठेव. तर म्हणाला, “दादा, ग्रे म्हणजे कोरं कापड. घालून फिरायचं व्हय?”

यावर मला उत्तर सुचेना. मग मी त्याला मियुराचा फोटो पाठवला, १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनातली, गांदिनीनं आखलेली, नारंगी. तिच्यावर दुसरं काहीही नाही, तो एकच रंग आणि घसरत गेलेला उजेड. लॅम्बोर्गिनीचा स्वतःचा रंग आहे म्हटलं, बैलाला शोभतो, आणि इथल्या उन्हात उठून दिसेल. त्यानं दोन दिवस विचार केला. मग व्हॉइस नोट आली.

“रंग चांगलाय दादा. पण रानात उभी केली तर कुबोटा वाटंल.”